कादंबरीतल्या प्रकरणांना नावं द्यावीत का?

बाळीवेस (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

माझी कादंबरी लिहून पुरी झाली आहे. १९३० पासून गिरण्या बंद पडेपर्यंतचं सोलापूर, पूर्व भागातलं एक पद्मशाली (विणकर समाजातलं) घर आणि त्या घरातल्या तीन पिढ्या असा पट आहे. पुरुष आधी गिरणीत, नंतर यंत्रमागावर. बायका घरी बसून विड्या वळतात. प्रत्येक प्रकरणाला मी नाव दिलं होतं: 'भोंगा', 'सूप', 'कांडी', 'हप्ता' अशी. संपादकांनी हस्तलिखित वाचलं, कौतुकही केलं, पण नावं सगळी खोडून १, २, ३ असे आकडे घातले. त्यांचं म्हणणं असं की आजची गंभीर कादंबरी प्रकरणांना नावं देत नाही, नावांमुळे पुस्तक शाळेच्या धड्यांसारखं दिसतं.

मला ते पटलेलं नाही. का, ते एका प्रकरणावरून सांगते.

विडी वळणाऱ्या बाईच्या मांडीवर सूप असतं. मापाने कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ, वळलेल्या विड्या, सगळं त्यातच. मजुरी हजार विड्यांवर. माझ्या कादंबरीतली अम्मा विड्या घेऊन कारखान्यात जाते. तिथला तपासणारा माणूस जुड्या चाळतो आणि काही विड्या बाजूला काढतो. त्या मजुरीत धरत नाहीत आणि परतही देत नाहीत. अम्मा घरी येते, रिकामं सूप झटकते, भिंतीला उलटं टेकवून ठेवते आणि भाताला आधण ठेवते. प्रकरण संपलं. कुणी रडत नाही, कुणी भांडत नाही.

या प्रकरणाचं नाव 'सूप'. 'अन्याय' असं नाव दिलं असतं तर वाचकाने काय समजायचं ते मीच वर लिहून टाकलं असतं. नुसता ७ हा आकडा असता तर वाचक तपासणाऱ्या माणसाकडे बघत राहिला असता, कारण प्रसंगात बोलतो तोच. अम्मा तर गप्प आहे. तिच्या बाजूने त्या प्रकरणात ते सूप तेवढं आहे. म्हणून ते नाव.

तेव्हा माझं म्हणणं असं: प्रकरणाला नाव असावं, आणि ते वस्तूचं, जागेचं, माणसाचं किंवा दिवसाचं असावं. प्रकरणाच्या अर्थाचं नसावं. तुम्हाला काय वाटतं? वाचक म्हणूनही सांगा, लिहिणारे असाल तर तसंही सांगा.

पार्कचौक

विषय चांगला काढलात. मी मात्र संपादकांच्या बाजूचा आहे. 'गंभीर कादंबरी' वगैरे कारण मला मान्य नाही, माझं कारण वेगळं आहे.

तुमच्या सुपाचंच घेऊ. वर 'सूप' लिहिलंय म्हटल्यावर मी पहिल्या ओळीपासून सुपाची वाट बघत बसणार. मांडीवर सूप आलं की खूण करणार. शेवटी ते भिंतीला लागलं की म्हणणार, हां, हे दाखवायचं होतं. नाव नसतं तर? तर वाचताना मी तपासणाऱ्याचाच राग राग केला असता, आणि पुस्तक मिटून झोपायला गेल्यावर कदाचित ते उलटं सूप डोळ्यांसमोर आलं असतं. ते मग माझं मला सापडलेलं असतं. नाव देऊन तुम्ही ते माझ्याकडून काढून घेताय.

दुसरं म्हणजे अनुक्रमणिका. नावं दिली की ती पुढे छापली जाते आणि पुस्तक विकत घेण्याआधी माणूस तीच वाचतो. 'लग्न', मग 'बाळंतपण', मग 'संप', मग 'टाळेबंदी'. आता काय राहिलं वाचायचं?

आकडा काही सांगत नाही, हाच त्याचा मोठेपणा आहे.

फर्मा

छपाईच्या धंद्यात आहे म्हणून आमच्या बाजूचं सांगतो. यात कागदाचा हिशेब आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही.

पुस्तक फर्म्यात छापतात, म्हणजे एका मोठ्या कागदावर सोळा पानं. प्रकरणाला नाव असलं की ते नव्या पानावर घ्यावं लागतं, वर एक तृतीयांश पान कोरं सोडून. आधीचं प्रकरण चार ओळींवर संपलं असेल तर ते पानही जवळजवळ कोरंच गेलं. नुसता आकडा असेल तर चालू पानावरच दोन-तीन ओळी सोडून पुढे जाता येतं. तीसेक प्रकरणांच्या कादंबरीत एवढ्यावर एखाद-दीड फर्मा सहज वाढतो. शिवाय अनुक्रमणिकेचं पान. नाव असेल तर उजव्या पानाच्या माथ्यावर प्रकरणाचं नाव चालवायचं की नाही, तेही ठरवावं लागतं. त्याचं मुद्रितशोधन वेगळं, आणि तिथे चुका राहतातच. एका प्रकरणाचं नाव दुसऱ्याच्या डोक्यावर छापलेलं मी पाहिलंय.

तेव्हा ताई, संपादकांनी सांगितलेलं कारण खरं असेलही, पण कागदाचा विषय आहे का तेही एकदा विचारून घ्या.

जुनाबाक

इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे तिकडचं थोडं लिहितो.

प्रकरणांच्या नावांवर हेन्री फील्डिंगने १७४२ सालच्या 'जोसेफ अँड्र्यूज'मध्ये सबंध एक प्रकरण खर्ची घातलंय, दुसऱ्या भागाचं पहिलंच. तो म्हणतो, दोन प्रकरणांमधली मोकळी जागा म्हणजे प्रवासातली खाणावळ. वाचकाने तिथे टेकावं, घोटभर काही घ्यावं आणि पुढे निघावं. आणि प्रकरणाच्या डोक्यावरचा मजकूर म्हणजे त्या खाणावळीच्या दारावरची पाटी. आत काय मिळेल ते पाटीवर वाचावं, नको असेल तर पुढच्या खाणावळीला जावं. पाटीवर एक लिहून आत दुसरं वाढायचं नाही, असंही तो बजावतो. फील्डिंगच्या आधी सर्व्हान्तेसच्या 'डॉन किहोते'त (१६०५) प्रकरणांना दोन-दोन ओळींची नावं आहेतच, 'ज्यात अमुक घडतं' अशा थाटाची. तेव्हा नाव म्हणजे गोषवारा होता.

आता पार्कचौक यांच्यासाठी दोन उदाहरणं, दोन्ही त्यांना विचारात पाडणारी.

पहिलं, जेम्स जॉइसचं 'युलिसीझ'. जॉइसने या पुस्तकाचा आराखडा मित्रांना दिला, त्यात प्रत्येक भागाला होमरच्या 'ओडिसी'वरून नाव होतं. १९२२ साली पुस्तक छापलं तेव्हा ती नावं त्यात नव्हती. म्हणजे तुम्हाला हवं तेच त्याने केलं. पुढे काय झालं? आज जगभर त्या भागांचा उल्लेख नावांनीच होतो. लेखकाने गाळलेली नावं वाचकांनी परत लावून घेतली.

दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. टॉलस्टॉयच्या 'अॅना कॅरेनिना'त आठ भाग आहेत आणि दोनशेच्या वर प्रकरणं. सगळ्यांना नुसते आकडे. फक्त एका प्रकरणाला नाव आहे. पाचव्या भागातलं विसावं प्रकरण, लेव्हिनचा भाऊ निकोलाय मरतो ते. नाव आहे 'मृत्यू'. एवढ्या मोठ्या पुस्तकात एकदाच लेखक थांबतो आणि नाव लिहितो. वर्गात ते पान आलं की मी मुलांना पुस्तक मागेपुढे चाळायला लावायचो, दुसरं नाव सापडतंय का बघा म्हणायचो. सापडायचं नाही. मग वर्ग आपोआप गप्प व्हायचा.

आता बाळीवेसताई, तुमच्या नियमाने 'मृत्यू' हे नाव बसतं का? ते वस्तूचं नाही, माणसाचं नाही. तरी टॉलस्टॉयने ते दिलं, आणि मला तरी त्याजागी दुसरं सुचत नाही.

कायबे

मी पण वाचलालोय हे सगळं. लई भारी चाललंय.

मोबाईलवर कथामालिका वाचणाऱ्यांतला आहे मी. तिथं सगळं 'भाग ३८', 'भाग ३९'. बसमधी वाचायचं, सात रस्त्याला उतरायचं आलं की बंद करायचं. चार दिवसांनी परत उघडलं की कुठवर आलतो ते आठवत नाही. आकडा बघून काहीच डोक्यात येत नाही बे. नाव असतं तर लगेच कळलं असतं, हां, हे वाचून झालंय. एवढंच सांगायचं होतं.

उत्तरकसबा

जुनाबाक सरांनी तिकडचं सांगितलं, मी आपल्याकडचं सांगतो. हा वाद आपल्याकडे फार आधी निकालात निघालेला आहे.

विश्वनाथाचा 'साहित्यदर्पण' चौदाव्या शतकातला. महाकाव्याची लक्षणं सांगताना तो म्हणतो, काव्याचं नाव कवीवरून, कथानकावरून, नायकावरून किंवा आणखी कशावरून ठेवावं, आणि पुढे: 'सर्गोपादेयकथया सर्गनाम तु'. सर्गात जी कथा आली असेल तिच्यावरून सर्गाचं नाव. म्हणजे नाव द्यायचं हे गृहीतच आहे, फक्त कशावरून द्यायचं ते सांगितलंय. सर्ग फार छोटे नकोत, फार मोठे नकोत, आठांहून जास्त हवेत आणि सर्गाच्या शेवटी पुढच्या सर्गातल्या कथेची सूचना हवी, हेही तिथेच आहे. आजचे मालिकावाले शेवटी जे करतात ते त्याने लिहून ठेवलंय.

'कुमारसंभवा'तल्या सर्गांची नावं बघा: उमोत्पत्ति, मदनदहन, रतिविलाप. कथेवरूनच आहेत.

पण यात एक गोष्ट पार्कचौक यांच्या उपयोगाची आहे. आपल्या पोथ्यांत हे नाव अध्यायाच्या डोक्यावर नसतं, शेवटी असतं. गीतेचा पहिला अध्याय पुरा वाचून झाला की मग 'अर्जुनविषादयोगो नाम प्रथमोऽध्यायः' येतं. ऐकणाऱ्याने आधी ऐकायचं, मनात काय उमटायचं ते उमटू द्यायचं, आणि मग नाव कळायचं. आपण डोक्यावर छापायला लागलो ते छापखाना आल्यावर.

ताई, तुम्ही 'सूप' प्रकरणाच्या शेवटी का छापत नाही? पार्कचौक यांचा आक्षेप तिथल्या तिथे मिटतो.

आणखी एक. बाणभट्टाने 'हर्षचरित' आठ उच्छ्वासांत विभागलं आणि त्याच्याच 'कादंबरी'ला मात्र विभागणी नाही, कथेतून कथा निघत सलग चालते. एकाच लेखकाने दोन्ही केलं. तेव्हा सरसकट नियम करू नये असं मला वाटतं.

शेंगाचटणी

उत्तरकसबा दादा, नाव शेवटी असतं हे खरं, पण ते लक्षात कोण ठेवतं?

आमच्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो, गाणगापूर जवळ, अक्कलकोट जवळ, त्यामुळे या भागात घरोघरी असतो म्हटलं तरी चालेल. कुठल्या दिवशी कितव्या अध्यायापर्यंत वाचायचं ते ठरलेलं. घरात काही अडचण आली की सासूबाई म्हणतात, चौदावा वाच. शिवलीलामृताचं तसंच, अकरावा. श्रावणात सोमवारी सिद्धेश्वराच्या देवळात बायका बसलेल्या असतात, कुणालाही विचारा, 'अकरावा चाललाय' म्हणतील. रुद्राक्षमहिमा असं कुणी म्हणत नाही. चौदाव्यात सायंदेवाची कथा आहे हे सगळ्यांना माहीत, पण तोंडात येतो तो आकडाच.

म्हणजे बघा, जॉइसने नावं काढली तर लोकांनी लावली, आणि आपल्या पोथीत नावं आहेत तर लोकांनी आकडे धरले. मग नावाचा आग्रह कशाला?

पण हे लिहिता लिहिताच 'श्यामची आई' आठवलं. त्यात दोन्ही आहे. वर 'रात्र' कितवी ते, आणि खाली नाव. तिथे मला एकही आकडा आठवत नाही. 'अळणी भाजी' आठवते, 'मोरी गाय' आठवते, 'श्यामचे पोहणे' आठवतं. तेव्हा मी आता कुठल्या बाजूची ते मलाच ठरवता येत नाहीये. ताईंनीच सांगावं.

बाळीवेस

किती जणांनी मनापासून लिहिलंत. एकेकाचं घेते.

शेंगाचटणी ताई, तुमचा प्रश्न मी दोन दिवस डोक्यात घेऊन हिंडले. मला वाटतं फरक वाचण्याच्या पद्धतीत आहे. पोथी पुन्हा पुन्हा वाचली जाते, सगळं गाव एकच पोथी वाचतं, आणि किती वाचायचं ते आकड्यावर ठरतं. एवढ्या पिढ्यांनी म्हटल्यावर 'चौदावा' हेच त्या अध्यायाचं नाव झालं. माझी कादंबरी कुणी वाचली तर एकदा वाचेल. तिच्या सातव्या प्रकरणाला 'सातवं' म्हणून ओळख मिळायला वेळच नाही. श्यामच्या गोष्टी आपण पोथीसारख्या आकड्यावर वाचत नाही, म्हणून तिथे 'अळणी भाजी' राहिली. आणि बघा, ती वस्तूच आहे. 'त्याग' किंवा 'आईचं मोठेपण' असं नाव साने गुरुजींनी दिलं असतं तर आज तुम्हाला आठवलं नसतं.

फर्मा दादा, विचारलं. कागदाचं नाही म्हणाले, नावंच नको आहेत.

जुनाबाक सर, 'मृत्यू'बद्दल. मी ते मराठी अनुवादात वाचलंय आणि तुमचं खरं आहे, दुसरं नाव सुचत नाही. पण माझ्या मते तिथे 'मृत्यू' हा अर्थ नाहीच. निकोलाय बरेच दिवस मरत असतो. त्या लॉजच्या कळकट खोलीत सगळे त्याचीच वाट बघत बसलेले असतात, उशा बदलतात, औषध देतात, खोटं बोलतात. मृत्यू तिथे खोलीत येऊन बसलेल्या माणसाइतका उघड आहे. म्हणून ते नाव मला माझ्या नियमात बसतंच असं वाटतं. तुम्ही वर्गात शिकवलंय, तुम्ही सांगा.

उत्तरकसबा दादा, शेवटी नाव छापायची कल्पना मला खूप आवडली. खरं सांगायचं तर कालपासून मी तेच करून बघतेय. 'भोंगा' प्रकरणाला ते फार चांगलं बसतं. गिरणी बंद झाल्यावर पहिल्या सकाळी भोंगा वाजत नाही, तरी म्हातारा त्याच वेळेला उठून बसतो. शेवटच्या ओळीनंतर 'भोंगा' हा शब्द आला की अंगावर येतो.

पार्कचौक, तुमचा आक्षेप सगळ्यात जड आहे. त्याला उत्तर देते, पण आधी तुम्ही एक सांगा. 'मृत्युंजय' आणि 'ययाति' तुम्ही वाचलीच असणार. त्यांत भागांच्या डोक्यावर बोलणाऱ्याचं नाव आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा. तिथे आकडे घातले तर चालेल?

पार्कचौक

नाही चालणार. पण ती नावं वेगळी. आता कोण बोलतंय एवढंच ती सांगतात, नाटकाच्या संहितेत पात्राचं नाव असतं तशी. ती काढली तर वाचकाचा गोंधळ होईल. तुमचं 'सूप' काढलं तर कुणाचाच गोंधळ होणार नाही.

शेवटी नाव ही सूचना मला मान्य आहे. पूर्ण मान्य. आधी माझं वाचन, मग तुमचं नाव. यापेक्षा जास्त मी काही मागत नाही.

जुनाबाक

बाळीवेसताई, 'खोलीत येऊन बसलेल्या माणसाइतका उघड' हे पटलं. मी ते असं कधी मांडलं नव्हतं.

कानाने_वाचतो

मी इथे सहसा लिहीत नाही, पण शेवटी नाव छापायचं यावर एकमत होताना दिसलं म्हणून लिहितो.

मला जन्मापासून दिसत नाही. पुस्तकं मी ऐकतो. कधी कुणी वाचून ध्वनिमुद्रित केलेली, कधी मोबाईलमधला स्क्रीन रीडर वाचतो ती. तुम्ही पुस्तक हातात घेतलं की किती वाचलं, किती राहिलं ते बोटांना कळतं. मागचं काही बघायचं असेल तर पानं चाळता, आणि 'डावीकडच्या पानावर खाली होतं' एवढ्या आठवणीवर ते सापडतं. माझ्याकडे तसं काही नाही. माझ्याकडे मथळ्यांची यादी आहे. डेझी पद्धतीच्या बोलक्या पुस्तकात मथळ्यावरून मथळ्यावर उडी मारता येते, आणि नीट तयार केलेल्या ई-पुस्तकातही येते. मला अम्माच्या विड्या बाजूला काढल्या तो प्रसंग परत ऐकायचा आहे. यादीत 'सूप' ऐकू आलं की मी थेट तिथे जातो. 'प्रकरण सहा, प्रकरण सात, प्रकरण आठ' ऐकू आलं तर प्रत्येकात शिरून थोडं ऐकायचं, बाहेर यायचं, पुन्हा पुढच्यात शिरायचं. परीक्षेची पुस्तकं मी अशीच काढली आहेत, आणि कादंबरीच्या वेळी तरी हे नको वाटतं.

नाव शेवटी छापलं तर माझ्यासाठी ते नसल्यासारखंच. कारण यादी मथळ्यांवरून तयार होते आणि मथळा सुरुवातीलाच असतो.

पार्कचौक, तुमचं सापडण्याचं सुख मला कळतं. मलाही ते हवं असतं. पण तुम्हाला परत फिरायला पानं आहेत.

आणि फर्मा दादांना एक विनंती. नाव नुसतं ठळक आणि मोठं करून मथळा होत नाही. दिसायला मथळा दिसतो, पण यंत्राला तो साधा परिच्छेदच वाटतो. फाइलमध्ये त्याला मथळ्याची शैली लावा, तरच तो यादीत येतो. मराठी ई-पुस्तकांत हे फार ठिकाणी राहून जातं.

फर्मा

लक्षात ठेवलं. आमच्याकडे खरोखरच नुसतं ठळक करतात. ई-आवृत्तीसाठी फाइल पुढे जाते तेव्हा तशीच जाते, तिथे कुणी बघत नाही. सोमवारी ऑपरेटरला बसवून सांगतो.

उत्तरकसबा

माझी सूचना मी आग्रहाने धरत नाही. पोथी मोठ्याने वाचली जायची, ऐकणारे समोर बसलेले असायचे आणि पुराणिकबुवांना कुठे काय आहे ते पाठ असायचं, म्हणून शेवटचं नाव चालायचं. कानाने वाचणारे आता एकटे वाचतात, समोर बुवा नाहीत.

पार्कचौक

कानाने_वाचतो, तुमचा प्रतिसाद वाचून मी माझा मुद्दा परत तपासला. नाव डोक्यावर असायला हवं, हे मान्य.

अनुक्रमणिकेबद्दल मात्र माझं मत तेच आहे. ई-पुस्तकात यादी असू दे, छापील पुस्तकात पुढे ते पान नको. प्रकरण उघडल्यावर नाव समोर आलं तर निदान तेवढ्या प्रकरणापुरतंच कळतं. पुढची पंचवीस नावं आधी कळत नाहीत.

आणि नाव दिल्याने माझं सूप जातं, हे म्हणणं मी मागे घेत नाही. जातंच. कुणासाठी तरी ते जाऊ द्यावं लागेल, एवढं मी म्हणेन.

बाळीवेस

पार्कचौक, तुमच्या आक्षेपाला उत्तर द्यायचं राहिलं होतं. सापडण्याबद्दल. माझं म्हणणं असं की नाव वस्तूचं असलं तर तुम्हाला सूप कुठे आहे ते कळतं, त्याचं काय करायचं ते कळत नाही. ते उलटं का ठेवलं, तसंच का ठेवलं, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मांडीवर येणार म्हणजे काय, हे सगळं तुमचं तुम्हालाच शोधायचं आहे. 'अन्याय' नावाने ते सगळं संपतं, म्हणून मला अर्थाची नावं नकोत. तुमचं काही गेलं असेल तर एक टक्का गेलं असेल, बाकीचं तिथेच आहे.

छापील पुस्तकात अनुक्रमणिका नको, हे मी घेतलं. पूर्ण पटलं.

आता एक प्रकरण अडलंय, त्यावर सांगा. आजोबांचं प्रकरण. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला, आणि पुढे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली. प्रकरण त्या दिवशीचं आहे, पण घरातलं. आजोबा तेव्हा लहान पोर. मोठी माणसं काय कुजबुजतात ते त्याला कळत नाही.

नावं तीन आहेत माझ्याकडे: 'हुतात्मे', 'मार्शल लॉ' आणि '१२ जानेवारी'.

शेंगाचटणी

'हुतात्मे' नको. तुमच्याच नियमात बसत नाही. पुतळे नंतर झाले, चौकाला नाव नंतर मिळालं. त्या दिवशी त्या घरात हा शब्द कुणी बोललं नसणार.

जुनाबाक

'मार्शल लॉ' मला चांगलं वाटतं. आमच्या लहानपणी म्हातारी माणसं हाच शब्द वापरायची, 'मार्शल लॉच्या वेळी' असं म्हणायची, वर्ष सांगायची नाहीत. पण तो कायदा सुरू झाला त्या दिवसांचं नाव आहे. तुमचं प्रकरण जानेवारीतलं आहे.

पार्कचौक

'१२ जानेवारी'.

हे नाव सोलापूरच्या माणसाने वाचलं की त्याला पहिल्या ओळीच्या आधीच सगळं कळलेलं असेल. चार हुतात्मा पुतळ्यावरून रोज जाणारा माणूस ही तारीख विसरत नाही. पण तेच नाव सिंदखेडराजाच्या वाचकाला जिजाऊंच्या जयंतीचं वाटेल, आणखी कुठल्या वाचकाला विवेकानंदांच्या जयंतीचं. तो प्रकरण वाचत जाईल आणि अर्ध्यावर त्याला कळेल की हा दिवस सोलापुरात वेगळा आहे. म्हणजे त्याला सापडेल. नावाच्या विरोधात बोलणारा मी हे सुचवतोय, पण हे एक नाव मला हवं आहे.

वर्ष मात्र लिहू नका. वर्ष लिहिलंत की बाहेरच्या वाचकालाही इतिहास आठवायला लागेल.

कानाने_वाचतो

वर्ष नको याला अनुमोदन. यादीत 'बारा जानेवारी' एवढंच ऐकू आलं तर मी तिथे थांबून नक्की ऐकेन.

कायबे

आमच्या शाळेत त्या दिवशी सकाळी पुतळ्याकडं न्यायचे. नाव हेच ठेवा ताई.

बाळीवेस

'१२ जानेवारी' ठरलं. वर्षाशिवाय.

नावांसकट फाइल आज संपादकांकडे परत पाठवतेय, सोबत या धाग्यातले मुद्दे माझ्या शब्दांत लिहून. मथळ्याची शैली प्रत्येक नावाला लावून घेतली आहे. त्यांनी ऐकलं तर आनंदच, नाही तर दुसरं कुणी शोधीन. नावं काढून मी पुस्तक देणार नाही.

'कांडी' (मागाच्या धोट्यात बसते ती सुताची नळी) या नावाबद्दल एक शंका आहे. कांड्या भरताना प्रत्यक्ष पाहिलेलं इथे कुणी असेल तर मला व्यक्तिगत निरोप करा, प्रकरणात रहाटाचं वर्णन तीन ओळींचं आहे आणि ते मला कुणाकडून तरी तपासून घ्यायचंय.

फर्मा

आमच्या गल्लीत अजून कांड्या भरतात. निरोप केलाय, या बघायला. सकाळी या, दुपारी लाइट जाते.